घोड्याचा तोबरा : किती, कधी आणि कशाचा?

नाशिकरोड स्टेशनावर उतरलेला यात्रेकरू एके काळी टांग्यात बसून होळकर पूल ओलांडायचा आणि पंचवटीत रामकुंडाजवळ उतरायचा. स्टेशनापासून गावातल्या मेन रोडपर्यंत १८८९ च्या सुमारास ट्रामही सुरू झाली होती आणि सुरुवातीला तिचे डबे घोडेच ओढत. ट्राम १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांत बंद पडली. टांगा त्यानंतरही कितीतरी वर्षे चालला आणि त्याच्यावर आमच्या बिरादरीतली बरीच घरे जगली : टांगेवाले, नालबंद, खोगीर-लगाम शिवणारे, चंदी-चारा विकणारे. पुढे रिक्षा आली. मुंबईत जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करण्यासाठी वर्षभराची मुदत दिली.

पंचवटीत आज जो घोडा उरला आहे तो मुख्यतः नवरदेवाचा. वरात, मिरवणूक, शाळेच्या संमेलनातली एखादी फेरी, आणि बारा वर्षांतून एकदा सिंहस्थ. गेला सिंहस्थ २०१५ साली झाला, आता २०२७ चा आहे. आखाड्यांच्या मिरवणुका निघतात तेव्हा सजवलेल्या घोड्यांना मागणी येते. आम्ही कापडाच्या धंद्यातले. झुलीसाठी मखमल, जरीची लेस, अस्तर यांसाठी घोडेवाले आमच्याकडे येतात आणि हंगामावर पैसे देतात. घोडा उभा तर उधारी उभी, एवढा साधा आमचा संबंध. व्यापाराच्या पानावर घोड्याच्या खाण्याचा विषय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

रोज खाणारे भांडवल

दुकानदाराचा माल खपला नाही तर तो फळीवर पडून राहतो, त्यावर धूळ बसते एवढेच. घोडेवाल्याचे भांडवल मात्र काम असो वा नसो, रोज खाते. घोडा घेताना लोक येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात किंवा दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत दिवसभर फिरतात. दात बघतात, भोवरे बघतात, चाल बघतात, कानातल्या केसापर्यंत चौकशी करतात. घरी आणल्यावर मात्र त्याच्यापुढे काय आणि किती टाकायचे याचा निर्णय, "आमच्या अब्बांपासून असेच चालत आले," या एका वाक्यावर होतो.

आणि तो निर्णय बहुधा असा असतो : दिवसभर थोडाफार भुसा, संध्याकाळी एकदाच मोठा तोबरा. दोन-अडीच किलो हरभरा, हंगाम जोरात असेल तर तीन. दाणा जास्त म्हणजे ताकद जास्त, अशी समजूत. वरून पाहुणे मंडळी वरातीत पुरी, लाडू, भात चारतात ते वेगळे.

ही समजूत चुकीची आहे. घोडा एका वेळी जेवढा दाणा पचवू शकतो त्याला ठरावीक मर्यादा आहे. त्या मर्यादेबाहेरचा दाणा ताकद होत नाही, आजार होतो, आणि तो आजार घोड्याला पायांवर उभे राहू देत नाही. पोट पाठीला लागलेला उंट पाहून प्यारे नबी (स.) यांनी त्याच्या मालकाला समज दिली होती, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. उपाशी ठेवणे हा जुलूम आहे हे सर्वांना पटते. प्रेमाने जास्त खाऊ घालणे हाही मुक्या जनावरावर तेवढाच भार आहे, हे मात्र गळी उतरत नाही.

कापडातली खळ आणि घोड्याच्या पोटातली खळ

दाण्यात जो पांढरा भाग असतो तो स्टार्च. शाळेच्या पुस्तकात पिष्टमय पदार्थ, आमच्या उर्दू शाळेत निशास्ता. मालेगाव-भिवंडीच्या आमच्या कारीगर भावांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. हातमागाच्या काळी ताण्याला पाजण करत, आज सायझिंगमध्ये सुताला खळ देतात, ती खळ बहुतेक वेळा मक्याच्या किंवा साबुदाण्याच्या कंदाच्या स्टार्चचीच असते. कापड रंगवण्यापूर्वी ही खळ काढावी लागते, नाहीतर रंग डाग धरतो. ती काढायला प्रोसेसवाले एक एन्झाइम वापरतात. त्याचे नाव अमायलेज.

घोड्याच्या पोटात स्टार्च तोडणारे एन्झाइमही हेच, अमायलेज. ते स्वादुपिंडातून छोट्या आतड्यात येते. माणसाच्या थुंकीतही ते भरपूर असते, म्हणून भाकरी चावता चावता गोड लागते. घोड्याच्या थुंकीत ते जवळजवळ नसते आणि स्वादुपिंडातूनही इतर पुष्कळ प्राण्यांच्या मानाने फारच कमी येते. घोडा गवतासाठी घडवलेला आहे. गवतात स्टार्च नगण्य, तेव्हा अमायलेजचा साठा मोठा ठेवण्याचे कारणच नव्हते.

प्रोसेसच्या कामात काय होते ते बघा. एन्झाइम थोडे आणि कापड जास्त असले, किंवा कापड हौदातून घाईने काढले, तर खळ तशीच राहते. आयोडीनचा थेंब टाकला की निळा डाग उमटतो. घोड्याच्या आतड्यात नेमकी हीच अडचण आहे. छोटे आतडे वीस मीटरच्या आसपास लांब असले तरी खाल्लेले त्यातून एक ते तीन तासांत पुढे सरकते. त्याआधीचे जठर तर अंगाच्या मानाने फारच लहान, मोठ्या घोड्यातही आठ ते पंधरा लिटरचे. त्यात एकदम तीन किलो दाणा आणि वर पाणी गेले की जठर माल पुढे ढकलून मोकळे होते. अमायलेज जेवढे तोडेल तेवढे तोडते, बाकीचा स्टार्च तसाच पुढच्या पोटात, म्हणजे अंधांत्र आणि मोठ्या आतड्यात जाऊन पडतो.

हे पुढचे पोट म्हणजे घोड्याचा खरा कारखाना. तिथे कोट्यवधी जिवाणू गवताचे तंतू आंबवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. तिथे कच्चा स्टार्च आला की वेगळ्या जातीचे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आंबटपणा वाढला की गवत पचवणारे जिवाणू मरू लागतात. मरताना त्यांच्यातून विषारी द्रव्ये सुटतात. आतड्याची आतली त्वचा दुखावलेली असते, तिच्यातून ही द्रव्ये रक्तात उतरतात. पोट फुगते, शूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, ही आणखी एक अडचण. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेला माल त्या वाटेने परत येत नाही.

शूळ निघून गेला तरी सुटका झाली असे समजू नये. एक-दोन दिवसांनी परिणाम खुरांत दिसतो. खुराची कठीण भिंत आणि आतले हाड यांना जोडणारे बारीक पापुद्रे असतात, ते सुजतात आणि सुटू लागतात. डॉक्टर याला लॅमिनायटिस म्हणतात. ज्या पापुद्र्यांवर घोड्याचा सारा भार टांगलेला असतो तेच ढिले पडले तर हाड खाली सरकते. असा घोडा वरातीला नेता येत नाही, बाजारात विकता येत नाही आणि कायमचा लंगडा राहण्याची शक्यता मोठी. नालबंद लोकांना हा प्रकार चांगला माहीत असतो. कारण मालक पहिल्यांदा त्यांच्याकडेच धावतो आणि नाल चुकीचा ठोकला म्हणून त्यांच्याशीच भांडतो.

हिशेब तराजूवर

मर्यादा किती? पूर्वी घोड्याच्या प्रत्येक किलो वजनामागे एका वेळी साडेतीन-चार ग्रॅम स्टार्चपर्यंत चालते असे समजत. नंतर हा आकडा खाली खाली आला. डेन्मार्कमध्ये २०१ घोड्यांच्या जठरात दुर्बीण घालून तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना एका वेळी किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त, किंवा दिवसभरात दोन ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च मिळत होता, त्यांच्या जठरात व्रण असण्याची शक्यता दुपटीने किंवा त्याहून जास्त होती. नुसत्या काडावर ठेवलेल्या घोड्यांत ती आणखी जास्त. तेव्हा एका वेळी किलोमागे एक ग्रॅम, हा आजचा सावध आकडा.

आता घोड्याचे वजन कसे काढायचे? वजनकाट्यावर घोडा कोण नेणार! आमच्या दुकानातली कापडी टेप त्यासाठी पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि येईल त्याला ११,८७७ ने भागा. घेर १५४ आणि लांबी १५० आली तर वजन ३०० किलोच्या जवळ. आपल्याकडचे देशी घोडे बहुधा याच्याच मागेपुढे असतात.

तीनशे किलोच्या घोड्याला एका वेळी तीनशे ग्रॅम स्टार्च. हरभऱ्यात स्टार्च साधारण चाळीस टक्के, म्हणजे एका वेळी पाऊण किलो हरभरा. ओटचे (हिंदीत ज्याला जई म्हणतात) प्रमाणही जवळपास तेवढेच. जवात पंचावन्न टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अर्धा किलो किंवा थोडे वर. ज्वारी, बाजरी, मका यांत पासष्ट ते सत्तर टक्के, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आत. आणि आपण संध्याकाळी एकदाच देतो तीन किलो हरभरा. त्यात स्टार्च झाला बाराशे ग्रॅम. मर्यादेच्या चौपट! जो माल पचत नाही त्याचे पैसे मोजायचे आणि वर डॉक्टरचे बिल भरायचे, असा हा सौदा.

येथे मापाचाही घोळ आहे. घोडेवाले डब्याने किंवा पायलीने दाणा देतात. कोंड्याने भरलेला डबा, ओटने भरलेला डबा आणि मक्याने भरलेला तोच डबा यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक. कापडात आपण वारावर घेतलेला माल किलोवर विकत नाही. मग घोड्याच्या बाबतीत डबा हे वजन कसे ठरते? प्रत्येक धान्य एकदा काट्यावर डब्याने मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवावे, काम झाले.

मका स्वस्त, पण कोणाला?

नाशिक जिल्ह्यात मका भरपूर पिकतो. येवला, लासलगाव, मालेगाव, नांदगाव, कोणत्याही बाजार समितीत हंगामात मक्याचे ढीग दिसतात. हरभरा महाग झाला की घोडेवाला मक्याकडे वळतो. भावाचा फरक डोळ्यांना दिसतो, पोटातला दिसत नाही.

सर्व स्टार्च सारखा नसतो. ओटचा स्टार्च घोड्याच्या अमायलेजला सहज तुटतो. मक्याचा दाणा आतून घट्ट बांधलेला असतो. हॅनोव्हरच्या पशुवैद्यकांनी १९९० च्या दशकात घोड्यांवर याचे प्रयोग केले. ओटचा स्टार्च छोट्या आतड्यात ऐंशी टक्क्यांच्या वर पचला. अख्ख्या किंवा नुसत्या भरडलेल्या कच्च्या मक्याचा तीस टक्क्यांच्या आसपास, बारीक दळला तर थोडा जास्त. तोच मका लाह्यांसारखा फुलवून दिला तेव्हा मात्र नव्वद टक्क्यांच्या जवळ गेला. म्हणजे दहा किलो कच्च्या मक्यातला सात किलो स्टार्च धरला तर त्यातला दोन किलोच योग्य जागी पचतो. उरलेला पाच किलो मागच्या पोटात जाऊन आंबतो. त्यातून थोडी ताकद मिळते, नाही असे नाही, पण वर सांगितलेला आंबटपणा सोबत घेऊन.

फुलवल्याने फरक का पडतो, हे सायझिंगवाल्याला विचारा. कच्चे पीठ थंड पाण्यात कितीही ढवळले तरी खळ होत नाही, खाली बसते. शिजवले की दाणे फुटतात, घट्ट लगदा होतो आणि मग तो सुतालाही चिकटतो व एन्झाइमलाही तुटतो. घोड्याच्या दाण्याचेही तसेच आहे. भिजवल्याने हरभरा मऊ होतो, चावायला बरा पडतो, पण भिजवणे म्हणजे शिजवणे नव्हे. दख्खनमध्ये घोड्यांना हुलगे उकडून घालण्याची जुनी रीत होती. हुलग्याला इंग्रजीत घोड्याचा हरभरा असेच नाव पडले आहे. ती रीत शास्त्राला धरून होती. उकडल्याने स्टार्च तर सुटतोच, शिवाय कच्च्या कडधान्यातली पचनाला आड येणारी द्रव्येही बरीचशी नाहीशी होतात. जळण महाग झाले आणि ही रीत गेली.

मक्याबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती स्टार्चपेक्षा भयंकर. पावसात भिजलेल्या, बुरशी आलेल्या मक्यात एक विष तयार होते, ते घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग विरघळवते. घोडा आंधळ्यासारखा भिंतीला डोके लावून उभा राहतो, भेलकांडतो आणि बहुधा वाचत नाही. यावर औषध नाही. काळा पडलेला, वास येणारा मका कोणी निम्म्या भावात दिला तरी घेऊ नये. तसेच कोंबड्यांचे खाद्य. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते उपयोगी, पण घोड्याच्या हृदयाला त्याची अगदी थोडी मात्राही जीवघेणी ठरते. ज्यांच्या घरी कोंबड्याही आहेत आणि घोडाही, त्यांनी दोन्हींच्या गोण्या एका खोलीत ठेवू नयेत.

रिकामे दिवस

चातुर्मासात लग्ने नसतात. घोडा ठाणावर बांधलेला, चंदी मात्र चालूच. मग तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात, एका दिवसात दोन-दोन वराती, आणि घोडा अर्ध्या वाटेत ताठ होतो. मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक, घाम फुटतो, पाऊल उचलत नाही, लघवी काळ्या चहासारखी होते. विलायतेत गाडी ओढणाऱ्या घोड्यांच्या या आजाराला सोमवारचा आजार म्हणत. कारण रविवारी सुट्टी, दाणा पूर्ण, आणि सोमवारी सकाळी काम. काही घोड्यांत याला जन्मजात कारणही असते, पण विसावा आणि भरपूर दाणा यांची जोडी हे जुने, ओळखीचे निमित्त. अशा वेळी लोक घोड्याला ओढून, मारून चालवतात. ते करू नये. जागीच उभे ठेवावे, अंगावर झूल टाकावी, पाणी द्यावे, डॉक्टर बोलवावा.

नियम साधा : काम कमी तर दाणा त्याच दिवसापासून कमी. वाढवताना मात्र घाई नाही. नवीन धान्य किंवा जास्त धान्य दहा-बारा दिवसांत थोडे थोडे करून वाढवावे, कारण मागच्या पोटातल्या जिवाणूंना बदलायला तेवढा वेळ लागतो. २०२७ मध्ये ज्यांना घोडे उभे करायचे आहेत त्यांनी मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात "ताकदीसाठी" दाणा दुप्पट करण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

मग ताकद कशातून?

आधी चारा. घोड्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा रोज, म्हणजे तीनशे किलोच्या घोड्याला साडेचार किलो, कामाच्या घोड्याला सहा किलोपर्यंत. तो दिवसभर थोडा थोडा. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरते, थुंकी मात्र चावतानाच सुटते आणि तीच आम्ल मारते. एक किलो वाळले गवत चावायला घोड्याला सुमारे चाळीस मिनिटे लागतात, एक किलो ओट दहा मिनिटांत संपतो. म्हणून तोबऱ्याआधी अर्धा तास गवत टाकावे. पोटात गवताची गादी झाली की दाणाही सावकाश सरकतो.

शिवाजी महाराजांच्या चिपळूणकडच्या छावणीला गेलेल्या पत्राचा उल्लेख येथे करावासा वाटतो. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आधीच उधळून टाकाल तर पुढे घोडी मरतील आणि तो दोष तुमचाच, अशा अर्थाची ताकीद त्यात आहे. राज्य चालवणाऱ्याला घोड्याच्या वैरणीचा महिन्या-महिन्याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागत होता. आपल्याला एक-दोन घोड्यांचा ठेवता येत नाही?

पंचवटीतल्या घोडेवाल्यांना मार्केट यार्ड जवळ असल्याचा मोह होतो. उरलेली कोबी, फ्लॉवरची पाने फुकट मिळतात. गाय ती रवंथ करून पचवते, घोड्याच्या पोटात त्यांचा वायू होतो. मूठभर गाजर चालेल, टोपलीभर कोबी नको. त्यापेक्षा लसूणघास घ्यावा. त्यात प्रथिने आहेत, चुना आहे आणि स्टार्च जवळजवळ नाही. नुसता लसूणघासही नको, वाळल्या गवताबरोबर तिसरा हिस्सा पुरे.

गव्हाचा कोंडा, ज्याला घोडेवाले चोकर म्हणतात, तो हलका आणि स्वस्त म्हणून पोटभर घालतात. कोंड्यात फॉस्फरस फार आणि चुना नाममात्र. रोज भरपूर कोंडा खाणाऱ्या घोड्याच्या हाडांतला चुना ओढला जातो आणि जबड्याची हाडे फुगून तोंड मोठे दिसू लागते. विलायतेत पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा आजार होई. तेव्हा कोंडा मूठ-दोन मूठ, चव येण्यापुरता.

आणि तेल. हे ऐकून जुने लोक हसतात. घोड्याला पित्ताशय नसते, मग तेल पचेल कसे, असे विचारतात. पित्ताशय नसते हे खरे, पण पित्त साठवून न ठेवता सतत आतड्यात उतरत असते, म्हणून तेल चांगले पचते. शंभर मिलिलिटर साधे खाद्यतेल साधारण पाव किलो मक्याइतकी ताकद देते आणि त्यात स्टार्चचा कणही नाही. तीस-चाळीस मिलिलिटरपासून सुरू करून तीन आठवड्यांत वाढवत न्यावे. खवट तेल, तळून उरलेले तेल देऊ नये. मिठाचा खडा आणि स्वच्छ पाणी तर हवेच हवे.

असा सारा मेळ घातला तर तीनशे किलोच्या कामाच्या घोड्याला सहा किलो चारा, सकाळी पाऊण किलो आणि संध्याकाळी पाऊण किलो उकडलेला किंवा भरडलेला हरभरा किंवा ओट, आणि सोबत तेल. अंग उतरते आहे असे दिसले तर पहिल्यांदा चारा वाढवावा, दात तपासून घ्यावेत. लिदीत अख्खे हरभरे दिसत असतील तर दातांना धार आली आहे किंवा घोडा घाईने गिळतो आहे. लीद पातळ आणि आंबट वासाची असेल तर दाणा जास्त होतो आहे. ही लीद रोज सकाळी झाडूने बाहेर जाते, तिच्याकडे कोणी बघत नाही. आमच्या ओळखीचे एक वयस्कर नालबंद चाचा खूर हातात घेण्याआधी ठाणावरची लीद पायाने फोडून बघतात. ते शाळेत फारसे गेलेले नाहीत. पण आमच्या उर्दूत सआदत यार खान रंगीन यांच्यासारख्या शायराने फरसनामा लिहिला तो अशाच उस्तादांच्या डोळ्यांच्या जोरावर असणार.

धंदा वाढवू पाहणाऱ्यांसाठी जाता जाता एक माहिती. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या पैदाशीच्या उद्योगाला पन्नास टक्के, जास्तीत जास्त पन्नास लाख रुपयांपर्यंत, भांडवली अनुदान देण्याची तरतूद केली. चौकशी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात करावी.

गोण फोडली तर

रात्री दावे सुटले आणि घोड्याने मक्याची किंवा हरभऱ्याची गोण फोडून पोटभर खाल्ली, असे घडते. सकाळी घोडा बरा दिसतो म्हणून मालक निर्धास्त राहतो. तेच बारा-पंधरा तास हातचे जातात. खाल्ल्याचे कळल्याबरोबर, घोडा ठणठणीत दिसत असला तरी, डॉक्टरला बोलवावे. बांबूच्या नळीने तोंडातून तेल किंवा काढा ओतू नये. ते फुप्फुसात उतरले तर घोडा त्यानेच जातो. डॉक्टर नाकातून नळी घालून औषध थेट जठरात सोडतात. राहिलेला दाणा उचलावा, पाणी ठेवावे.

आणि बर्फ. लंगडणे सुरू होण्याआधीच चारही खूर घोट्याच्या वरपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवले तर पापुद्रे सुटण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, हे गेल्या पंचवीस वर्षांतल्या प्रयोगांनी दाखवले आहे. तासभर ठेवून उपयोग नाही, दोन ते तीन दिवस सलग ठेवावे लागतात. रबरी ट्यूबचे तुकडे किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या पायांना बांधून त्यांत बर्फ भरत राहायचा. घरातल्या माणसांनी रात्री पाळ्या लावून घ्याव्यात. दर दोन तासांनी पिशवीत बर्फ शिल्लक आहे की पाणी झाले, ते हात घालून बघावे, आणि ट्यूबच्या काठाने कातडी घासली जात नाही ना, तेही.